सगळ्यांचं ‘हं’

“मोचिझुकीसान!”

चिगुसाने ओढ्यावरच्या फळ्यांच्या पुलावरून हाक मारली आणि एकदम चार माना वळल्या. संत्र्याच्या बागेत शिडीवर चढलेल्या एका काकूंची, सायकलवरून चाललेल्या टपालवाल्याची, दारात मुळे धूत बसलेल्या एका आजोबांची… आणि खाली पाटाच्या जाळीपाशी, लांब दांड्याच्या दंताळ्याने ओली पानं ओढत उभ्या असलेल्या एका तरुणाची.

“कोणते?” तरुणाने विचारलं.

“म्हणजे?”

“या खोऱ्यात शंभर घरं आहेत. ब्याण्णव मोचिझुकींची. उरलेल्या आठ घरांतल्या सुना माहेरच्या मोचिझुकी.”

शिडीवरच्या काकू खुदकन हसल्या. चिगुसाने छत्री या हातातून त्या हातात घेतली. भुरभुर पाऊस नुसता चिडवल्यासारखा पडत होता. “मला तीन नंबरच्या वीजघरातले मोचिझुकी हवेत. वयस्कर आहेत ते. अक्षर फार सुंदर आहे त्यांचं…”

आणि मग ती एकदम गप्प झाली, कारण तो तरुण कानापर्यंत लाल झाला होता.

खरी गोष्ट अशी, की गेले चौदा महिने रोज संध्याकाळी या खोऱ्यातल्या पाच वीजघरांतून पाच कागद टोकियोत तिच्या टेबलावर येऊन पडत. चार कागदांवर नुसते आकडे. तिसऱ्यावर मात्र आकड्यांखाली एक ओळ असे. ‘पाणी आज आळसावलंय.’ ‘यंत्र सकाळी कुरकुरलं, दुपारी निवळलं.’ ‘बगळा जाळीवर येऊन बसला, हाकलवेना, पंधरा मिनिटं पानं तशीच राहिली, क्षमस्व.’ ती ओळ वाचल्याशिवाय चिगुसाला जेवण जात नसे. तिने मनाशी एक पांढऱ्या मिशांचे, एकटे, शांत आजोबा रंगवले होते आणि त्यांच्यासाठी टोकियोहून येताना एक भेटही आणली होती.

“शुहेइ,” तो वर येत म्हणाला. “तीन नंबर. अक्षराबद्दल आभार. वयाचं मात्र… पुढच्या महिन्यात तीस. ते काय आहे हातात?”

“काही नाही.”

“भेट दिसतेय.”

“ती मोचिझुकीसानांसाठी आहे.”

“कोणत्या?”

शेवटी तिने मुकाट्याने पुडकं पुढे केलं. आतून लोकरीची, करड्या रंगाची, थंडीत म्हाताऱ्यांचे गुडघे दुखू नयेत म्हणून विणलेली दोन गुडघेवेष्टनं निघाली. शुहेइने ती उलटसुलट पाहिली, हसू दाबलं आणि तिथल्या तिथे पँटवरून चढवली. “बरोब्बर बसली,” तो गंभीरपणे म्हणाला. “आणि हे पाहा, इथे आडनावाने हाका मारत बसलात तर घसा बसेल. शुहेइ म्हणा.”

चिगुसा इनागाकी ज्या प्रयोगशाळेत काम करत होती, तिथे शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ती सहा वर्षं आडनावाने हाक मारत होती. आणि इथे पाव तासाच्या ओळखीत एका पुरुषाला नावाने! “शु… शुहेइसान,” ती म्हणाली, आणि या खेपेला लाल व्हायची पाळी तिची होती.

ती इथे कशाला आली होती, ते सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वीच्या वादळात डोंगरावरून येणारी मोठी वीजवाहिनी तुटली आणि हे खोरं नऊ दिवस अंधारात राहिलं. ओढ्याच्या पाण्यावर चालणारी गावाची स्वतःची पाच वीजघरं होती, पाणी धो धो वाहत होतं, आणि तरी अंधार! काखेत कळसा अन् गावाला वळसा, तो असा. कारण ही यंत्रं मोठ्या वाहिनीच्या तालावर पाय टाकायला शिकलेली. ताल देणारी गेली की पाची यंत्रं भांबावून उभी राहायची.

चिगुसाचं उत्तर होतं पाच करड्या पेट्या. प्रत्येक वीजघरात एक. प्रत्येक पेटी फक्त आपल्या शेजारणीचं ऐकणार. शेजारीण जरा पुढे असेल तर आपण थोडं पुढे सरकायचं, मागे असेल तर थोडं मागे. वरून हुकूम सोडणारं कुणी नाही, आणि तरी थोड्या वेळात पाची जणी एका तालात. कुणीही मालक नसताना एकमत कसं होतं, यावरच तिचा प्रबंध होता. ती या गोष्टीच्या इतकी प्रेमात होती, की त्याबद्दल बोलताना तिचे हात आपोआप हवेत फिरू लागत.

“म्हणजे पाचामुखी परमेश्वर,” शुहेइ म्हणाला.

“अगदी!” तिचे डोळे चमकले. “पण आधी मला तुम्ही हाताने कसं जुळवता ते बघायचंय.”

त्याच्या वीजघरात अजून पेटी बसली नव्हती. शुहेइने पाण्याच्या झडपेचं लोखंडी चाक हळूहळू फिरवलं. यंत्र घरघरलं, मग गुणगुणू लागलं. भिंतीवरच्या तबकडीत एक सुई गोल गोल फिरत होती. बाहेरच्या वाहिनीच्या आणि आतल्या यंत्राच्या तालात किती फरक आहे, ते ती सुई सांगते. फरक कमी होत गेला तशी सुई मंदावली. शुहेइने तिच्याकडे बघायचं सोडून डोळे मिटून घेतले.

“सुई बघत नाही तुम्ही?” चिगुसा कुजबुजली.

“ऐकतोय. घाई केली तर धक्का बसतो, अख्खी इमारत हलते. फार थांबलं तर ती निघून जाते, मग पुन्हा पहिल्यापासून मनधरणी.” तो किंचित हसला. “ती स्वतःहून हळू हळू जवळ येत असते ना… तेव्हाच…”

खट्! त्याने खटका ओढला. सुई बरोब्बर बारावर थबकली होती. धक्का नाही, आवाज नाही. यंत्र वाहिनीत मिसळलं ते पाण्यात पाणी मिसळावं तसं. चिगुसाने श्वास सोडला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की इतका वेळ तो रोखलेला होता. हजार पानं गणितं केली होती तिने या एका क्षणावर. तो क्षण इतका देखणा असतो, हे मात्र कुठल्याच पानावर लिहिलं नव्हतं.

“हे तुम्ही कागदावर का लिहीत नाही?” तिने विचारलं.

“काय?”

“की तुम्ही… हे इतकं छान करता.”

शुहेइने गुडघेवेष्टनं नीट केली. ती नीटच होती.

चाचणीचा दिवस ठरवायला खोऱ्याच्या पाणी-संघाची बैठक भरली, आणि तिथे चिगुसाने टोकियोच्या माणसाला शोभेल अशी घोडचूक केली. तासभर सगळ्यांना आलेख दाखवून झाल्यावर ती हसतमुखाने म्हणाली, “तर मग… चाचणी घ्यावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.”

कोणाचाच हात हलला नाही. सगळे आपापल्या कपातल्या हिरव्या चहाकडे असे बघू लागले, जणू त्यात मासोळी पोहत होती.

संघाचे प्रमुख ब्याऐंशी वर्षांचे तोकुजोआजोबा. पहिल्या दिवशी दारात मुळे धूत होते तेच. त्यांनी घसा खाकरला. “पोरी, तुझ्या पेट्यांना मालक नाही म्हणतेस. मग उद्या काही बिघडलं तर कान कुणाचा पकडायचा?”

चिगुसा नुसतीच आपले आलेख गोळा करू लागली. बैठक उठली. बाहेर आल्यावर शुहेइ पोट धरून हसायला लागला.

“हसताय काय? तीन वर्षांचं काम आहे माझं!”

“हात वर करा म्हणालात! अहो, हात वर केला की शेजाऱ्याने केला नाही हे दिसतं. मग जन्मभर त्याच पाटाचं पाणी कसं वापरायचं? इथे मतं मोजत नाहीत. एकेकाला विचारत फिरतात. सगळे ‘हं’ म्हणेपर्यंत चहा चालू राहतो. एकाने जरी ‘नाही’ म्हटलं तरी कुणी उठायचं नाही.”

“आणि त्याने ऐकलंच नाही तर?”

“चहा भरपूर आहे आपल्याकडे.” तो म्हणाला. “बैठकीत काही ठरत नसतं हो. बैठकीच्या आधी ठरतं. झाड दुसरीकडे हलवायचं तर आधी महिनाभर मुळांभोवतीची माती मोकळी करतात ना, तसं. चला, उद्यापासून दारोदार.”

“तुम्ही येणार?”

“तुम्हाला एकटीला सोडलं तर तुम्ही आलेख दाखवाल.”

आणि मग नोव्हेंबरचे ते दोन आठवडे! गुडघेवेष्टनं चढवलेला शुहेइ पुढे, वही छातीशी धरलेली चिगुसा मागे. कुणाकडे तांदळाची पोती उचलायला हात लावायचा, कुणाच्या आजारी मांजराची चौकशी करायची, आणि निघताना चप्पल घालता घालता पेट्यांचा विषय काढायचा. चिगुसा शिकत गेली. तिने बघितलं, की शुहेइ आधी ऐकतो. अर्धा अर्धा तास नुसता ऐकतो. मग म्हणतो, “खरं आहे तुमचं,” आणि समोरचा माणूस आपण होऊन एक पाऊल पुढे येतो. तिची गणितं हेच तर सांगत होती! शेजाऱ्याकडे जरासं सरकायचं, तो जरासा आपल्याकडे सरकतो. पण गणितातले शेजारी संत्री देत नाहीत. रोज संध्याकाळी तिच्या झोळीत पाचसात संत्री जमत.

ती राहत होती संघाच्या इमारतीमागच्या खोलीत. इमारतीचं स्वयंपाकघर फुमीकाकूंच्या ताब्यात होतं. शिडीवरून हसल्या होत्या त्या याच. चिगुसाने टोकियोहून अन्न गरम करायची आपली छोटी भट्टी आणली होती, ती पहिल्याच दिवशी मुकी झाली.

“पन्नासची असेल,” शुहेइने ती उलटी करून बघितली. “नदीच्या पलीकडे, तुमच्या बाजूला वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते. आमच्याकडे साठ. ही बिचारी आमच्या तालात बसत नाही.”

“एकाच देशात दोन ताल! शंभर वर्षांत एकमत नाही झालं तुमचं?”

“आमचं? आम्ही साठवर शांतपणे बसलोय. मंद तुम्ही आहात.”

“मंद!”

“सेकंदाला दहा हेलकावे मागे. मोजून.” तो दारातच वळला. “जेवणाची काळजी करू नका. मी आणत जाईन गरम काहीतरी.”

आणि तो आणत गेला. काळ्या रश्श्यात शिजलेले काड्यांवरचे मुळ्याचे आणि माशाच्या वड्यांचे तुकडे, वर सुक्या माशाची पूड. डबा टॉवेलात गुंडाळून, पळत, गार होऊ नये म्हणून. फुमीकाकू दारातून बघत आणि मोठ्याने म्हणत, “अरे शुहेइ, माझं स्वयंपाकघर जळालं की काय?”

एके दुपारी जाळीवरची पानं काढताना दंताळ्याचा दांडा दोघांनी मिळून धरला होता. चिगुसाने विचारलं, “शुहेइसान, तुम्हाला काय हवंय?”

“पेट्यांचं? सगळ्यांना पसंत असेल तर…”

“पेट्यांचं नाही. एकूण. तुम्हाला स्वतःला.”

त्याने दंताळं पाण्यात आणखी थोडं खाली सरकवलं. “मला असं… विचारलं नाही कधी कुणी. सगळ्यांचं जमलं की माझंही जमतं.” दांड्यावर तिच्या हाताशेजारी असलेला त्याचा हात त्याने बोटभर मागे घेतला.

चिगुसाला रडू आलं, आणि रागही. चाचणी झाली की सोमवारी ती टोकियोला परत जाणार, हे त्याला ठाऊक होतं. एक शब्द. तिला एक शब्द हवा होता त्याच्याकडून, आणि तो शब्द कुठल्याही पानाखाली, कुठल्याही जाळीत अडकलेला नव्हता. तो हा माणूस स्वतःच अडवून बसला होता. “आमचं हे पोरगं ना,” फुमीकाकू तिला एकदा म्हणाल्याच होत्या, “लाखात एक. पण पाण्यासारखं. ज्या भांड्यात ओताल त्याचा आकार. आईबापांनी म्हटलं गावात राहा, राहिलं. संघाने म्हटलं तीन नंबर सांभाळ, सांभाळलं. ‘नाही’ म्हणून ऐकलं नाही हो कुणी त्याच्या तोंडून.”

शेवटी तोकुजोआजोबांनीही “हं” म्हटलं. चप्पल घालता घालता, तिसऱ्या भेटीत. पण एक अट घातली: दोन तास. दोन तास मोठ्या वाहिनीशिवाय खोरं उजळतं राहिलं तर पेट्या राहतील. मधे एकदा जरी वीज गेली तर पेट्या, वह्या, सगळं सोमवारच्या गाडीत.

शनिवारी सकाळी दहाला मोठ्या वाहिनीचा खटका पाडून खोरं तिच्यापासून तोडलं गेलं. चिगुसा तीन नंबरच्या वीजघरात शुहेइजवळ उभी होती. आता इथेही पेटी बसली होती. समोरच्या पडद्यावर पाच रेघा थरथरल्या, एकमेकींकडे झुकल्या, आणि पाहता पाहता एक झाल्या. साठ! फोनवरून फुमीकाकूंचा आवाज आला, “दिवे आहेत! तांदूळ सडायचं यंत्र चालू आहे, सगळं गाव येऊन बसलंय!”

चिगुसाने टाळ्या वाजवल्या. शुहेइ तिच्याकडे बघत होता, पडद्याकडे नव्हे. “काय सुंदर आहे हो हे तुमचं,” तो म्हणाला. “कुणी कुणाला दटावत नाही.”

तासभर सगळं कसं दृष्ट लागण्यासारखं चाललं. मग वारा सुटला. डोंगरावरची राहिलेली सगळी पानं एकदम ओढ्यात उतरली. एक आणि दोन नंबरच्या जाळ्या तुंबल्या, त्यांचं पाणी घटलं, त्या जराशा मंदावल्या. शेजारणी मंदावल्या म्हणून तीन नंबर मंदावली. तिच्यामुळे चार. मग पाच. एकोणसाठ पूर्णांक सहा. एकोणसाठ पूर्णांक एक.

“काय झालं?” शुहेइने विचारलं.

“काही नाही,” चिगुसाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. “पूर्ण एकमत आहे त्यांचं.”

“मग बरंच आहे की.”

“एकमताने बुडतायत!”

पडद्यावर पाची रेघा एकमेकींना बिलगून, एकीनेही कुरकुर न करता खाली चालल्या होत्या. फोनवर तोकुजोआजोबा आले. “पोरी, तांदळाच्या यंत्राचा सूर उतरलाय. माझे कान म्हातारे आहेत, बहिरे नाहीत.” अठ्ठावन्न पूर्णांक चार. सत्तावन्नला वीजघरांचे खटके आपोआप पडणार होते, आणि मग अंधार.

चिगुसाला सगळं लख्ख दिसलं. चार आणि पाचकडे पाणी मुबलक होतं. त्यांच्या झडपा अर्ध्याच उघड्या होत्या. त्या जास्त उघडत नव्हत्या, कारण सगळ्याच शेजारणी मंद. मग आपण कशाला धावायचं? “मी त्यांना एकमेकींचं ऐकायला शिकवलं,” ती म्हणाली, “जायचं कुठे, तेच शिकवलं नाही…”

“यातल्या एकीने ऐकणं सोडलं तर?” शुहेइने हळूच विचारलं.

चिगुसाने पेटीच्या तारांकडे पाहिलं. एकीने ऐकणं सोडायचं. साठ धरून बसायचं, शेजारणींनी काहीही म्हटलं तरी. मग तिच्या शेजारणी तिच्याकडे सरकतील, त्यांच्या शेजारणी त्यांच्याकडे… सगळ्या वर येतील. पण मग ‘कुणीही मालक नाही’ हे तिच्या प्रबंधाचं पहिलंच वाक्य खोटं. तीन वर्षं. अठ्ठावन्न.

तिने हात घालून तीन नंबरच्या पेटीची, शेजारणींचं ऐकणारी तार उपटली.

“चाक घ्या,” ती म्हणाली. “साठवर न्या आणि धरून ठेवा. कुणी काहीही म्हणो.”

“मी?”

“तुम्ही! शुहेइसान, तुमची जाळी स्वच्छ आहे, तुमच्याकडे पाणी आहे, तुम्हाला साठ डोळे मिटून ऐकू येतं. धरा!”

शुहेइने चाकाला हात घातला. यंत्र आधी हट्टाने कण्हलं. सगळं खोरं त्याला खाली ओढत होतं. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, दात आवळले गेले. त्याने डोळे मिटले आणि चाक आणखी पाव फेरा फिरवलं. एका रेघेने मान वर काढली. एकटीच. मग चार नंबर दचकल्यासारखी तिच्यामागे निघाली, मग पाच, मग धापा टाकत दोन आणि एक. अठ्ठावन्न पूर्णांक नऊ… एकोणसाठ पूर्णांक पाच… साठ. चाळीस मिनिटं तो तसाच उभा राहिला. चिगुसाने त्याच्या कपाळावरचा घाम आपल्या रुमालाने दोनदा टिपला, आणि दोन्ही वेळा तिला वाटलं, की जगात इतका देखणा माणूस दुसरा नसेल.

बारा वाजता मोठ्या वाहिनीचा खटका पुन्हा बसला. वीज एकदाही गेली नव्हती.

रविवारी दुपारी बैठक. पहिला विषय पेट्यांचा. चिगुसा उठून कमरेत वाकली. “मी चुकले होते. एकमताला मालक लागत नाही, हे अजूनही खरं आहे. पण निदान एकाने तरी, आपल्याला कुठे जायचंय ते धरून बसावं लागतं. तीन नंबरला माणूस ठेवा. प्रबंधात मी तसंच लिहिणार आहे.”

“म्हणजे आता बिघडलं तर कान पकडायला शुहेइ आहे,” तोकुजोआजोबा म्हणाले. सगळे हसले. “हं.” आणि तेच ‘हं’ एकेकाकडून फिरत खोलीभर गेलं.

दुसरा विषय इनागाकीसानांचा, म्हणजे चिगुसाचा, निरोप. सोमवारी सकाळच्या बसपाशी सगळ्यांनी जमायचं, संत्र्यांची पेटी द्यायची, फोटो काढायचा. “हं,” फुमीकाकू म्हणाल्या. “हं,” टपालवाला म्हणाला. चिगुसा मान खाली घालून चटईच्या काड्या मोजत होती. हं, हं, हं… फेरी शुहेइपाशी आली. त्याला विचारणं म्हणजे नुसता उपचार, म्हणून आजोबा पुढच्याकडे वळलेसुद्धा.

“नाही,” शुहेइ म्हणाला.

फुमीकाकूंच्या हातातली चहाची किटली हवेतच राहिली.

“काय म्हणालास?”

“नाही. माझं ‘हं’ नाही.” तो उभा राहिला. “निरोप द्यायला माझी संमती नाही. त्या जाऊ नयेत असं मला वाटतं. म्हणजे… जायचं असेल तर जावं, त्यांचा प्रबंध आहे. पण त्या माझ्यापासून दूर जाऊ नयेत असं मला वाटतं. मला. सगळ्यांचं काय ते सगळ्यांनी बघावं.”

फुमीकाकूंनी किटली खाली ठेवली. तोकुजोआजोबांनी शुहेइकडे पाहिलं, मग सावकाश चिगुसाकडे वळले. “नियम पाहुण्यांनाही लागू आहे. पोरी, तुझं काय?”

चिगुसाने चटईवरून नजर वर उचलली. “मला उद्या जावंच लागेल,” ती म्हणाली. “फेब्रुवारीत तोंडी परीक्षा आहे.” शुहेइने मान खाली घातली. “पण माझंही… निरोपाला ‘नाही’च आहे. मार्चमध्ये परत येणाऱ्या बाईला कसला निरोप देताय?”

“मार्चमध्ये?” शुहेइ.

“प्रेमात पडलेल्या माणसाला आणखी काय बोलायचं असतं, ते मला माहीत नाही हो,” ती भडाभडा म्हणाली. आता तिला थांबवणं कठीण होतं. “चौदा महिने! तुमच्या ओळी वाचून वाचून! तुम्ही ऐंशीचे असतात तरी मी आलेच असते, गुडघ्यांना तेल चोळलं असतं. वर तुम्ही निघालात असे. मी काय करणार?”

आधी फुमीकाकूंना हसू फुटलं, मग सगळ्या खोलीला. शुहेइ हसत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याचे डोळे भरले होते. तोकुजोआजोबांनी कागदावर काहीतरी खरडलं आणि मोठ्याने वाचलं, “दोन जणांची हरकत. निरोपाचा ठराव बारगळला. सोमवारी बसपाशी कुणीही फिरकायचं नाही.”

सोमवारी सकाळी खरंच कुणी फिरकलं नाही. चिगुसा एकटीच बसमध्ये चढली, खिडकीशी बसली आणि उगीचच सारखी मागे बघत राहिली. बस सुटली. पहिल्याच वळणावर शुहेइ हात आडवा करून उभा होता. खांद्यावर झोळी, धापा टाकत.

“निरोप नव्हता ना द्यायचा?” ती म्हणाली.

“देतोय कुठे? नदीच्या पुलापर्यंत सोबत येतोय.” तो शेजारी बसला. “पुलापाशी उतरेन.”

“आणि तीन नंबर?”

“तोकुजोआजोबा बसलेत चाकापाशी. म्हणाले, चाळीस वर्षं मीच तर धरलं होतं.”

बस डोंगर उतरत गेली. वळणावर एकदा त्याचा खांदा तिच्या खांद्याला टेकला, आणि वळण संपल्यावरही टेकलेलाच राहिला. मग दूरवर नदी दिसली, रुंद, करड्या गोट्यांची. पुलाच्या अलीकडे बस थांबली. दार उघडलं. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. दार मिटलं. पुलाचे खांब एकेक करून मागे जाऊ लागले.

“शुहेइसान… पूल गेला,” चिगुसा म्हणाली.

“माहीत आहे,” तो म्हणाला, आणि झोळीतून त्याने टोकियोपर्यंतचं तिकीट काढून तिच्या तळहातावर ठेवलं.